चिमीचा ओठ

नांदुऱ्याच्या आमच्या घरात ज्याला काही कळत नाही असं माणूस शोधूनही सापडलं नसतं. बाबा हायस्कुलात हेडमास्तर, त्यामुळे व्याकरणापासून सांडपाण्याच्या नालीपर्यंत त्यांना सगळं कळायचं. आत्या म्हणजे त्यांची थोरली बहीण. सासरी चार वर्षं काढून ती जी परत आली ती आमच्याकडेच राहिली. तिला शरीरातले झाडून सगळे रोग कळायचे. मी बारावीला, शास्त्र शाखेत, आणि पुढे डॉक्टर होणार असं गल्लीभर सांगितलेलं, म्हणजे मला तर या दोघांपेक्षाही जास्त कळायचं. काही न कळणारी एकटी आई. ती स्वयंपाक करायची.

बाबांची एक गंमत होती. गंमत मी आज म्हणते, तेव्हा मला तो मोठेपणा वाटायचा. शाळेत, सभेत, ओट्यावर चार माणसं असली की ते असं शुद्ध बोलायचे की समोरचा आपोआप बटणं लावून घ्यायचा. दार लोटलं की 'काऊन वं, चहा झाला नाही का अजून?' अंगातल्या कोटासोबत भाषाही खुंटीला टांगून ठेवायचे. आत्याला दोन्ही भाषांची गरज नव्हती. ती कायम वरच्या पट्टीत बोलायची, आणि तिच्या प्रत्येक वाक्यात कोणाच्या तरी आजाराचं कारण असायचं. सकाळी ओसरीत बसून ती बोटाने मिसरी घासायची. तोंडात मोजून तीन दात उरलेले, ते काळेकुट्ट, आणि दातांची निगा कशी राखावी यावर साऱ्या गल्लीला तिचा उपदेश.

चिमी माझी धाकटी बहीण, माझ्याहून दहा वर्षांनी लहान. तिचं नाव विजया, पण त्या नावाने तिला शाळेतल्या हजेरीतच हाक पडायची. तिची खालची दाढ किडली ती आत्याच्या लाडाने. पूजा झाली की खडीसाखर, दुपारी गूळ-शेंगदाणे, संध्याकाळी दिवा लावला की पुन्हा खडीसाखर. दाढ ठणकायला लागली तेव्हा मात्र दोष शाळेतल्या चिंचांना गेला. मग उपचार सुरू झाले. लवंग झाली, कापूर झाला, तुरटी झाली. शेवटी आत्याने चिमटीभर मिसरीच तिच्या दाढेत भरली, आणि पोरीला भोवळ येऊन तिने अंगणात ओकारी काढली. 'पाह्य, जहर निंगालं,' आत्या समाधानाने म्हणाली. आमच्या घरामागे कापसाचं जिनिंग होतं, त्याची घरघर दिवसभर चालायची, आणि पलीकडे स्टेशनात मालगाडीचे डबे एकमेकांवर आदळायचे. त्या आवाजात चिमीचं रडणं बाबांना ऐकू यायचं नाही. आलं तर ते म्हणायचे, 'दुधाची दाढ हाय, पडंन आपोआप.' दहा दिवस ती पडली नाही. अकराव्या दिवशी गाल सुजला आणि आई पहिल्यांदा बोलली. 'इले बुलढाण्याले न्या.'

बुलढाण्याला दातांची एक डॉक्टरीण नवीन आली होती. पोरगीच होती म्हणा, सत्तावीस-अठ्ठावीसची. बाबांना शाळेत तपासणीची कामं होती, आईला घर होतं, आत्याला बस लागायची. मग ठरलं की शोभाने न्यावं. शोभा म्हणजे मी. 'नाही तरी डॉक्टरच होणार आहे ती,' असं बाबा शेजारच्या वानखडे काकांना ओट्यावरून म्हणाले, आणि मी चिमीचा हात धरून अशी निघाले की जणू ऑपरेशन मलाच करायचं होतं.

डॉक्टरीणबाईंची खोली लहानशी. बाहेर एक बाकडं, मधे हिरवा पडदा, आत खुर्ची. बाई आमच्याच जिल्ह्यातल्या, संग्रामपूरकडच्या, आणि बोलायच्या अगदी बाजारातल्या बायांसारख्या. मला ते फार हलकं वाटलं. डॉक्टरने कसं बोलायला हवं याबद्दलही माझी मतं होती. पण त्यांनी चिमीला खुर्चीत घेतलं, 'तुही दाढ लय बदमाश हाय, तिले झोपवू आपण,' म्हणाल्या, आणि सुई केव्हा टोचली हे चिमीला समजायच्या आत दाढ ताटलीत टणकन पडली. मग त्यांनी कापसाचा बोळा दाढेच्या जागी ठेवला, चिमीला दाबून धरायला लावला, आणि माझ्याकडे वळल्या.

'पाह्य पोरी, ध्यान देऊन ऐक. अर्ध्या घंट्यानं कापूस काढून टाकजो. आज चूळ भरू देऊ नको, थुंकू देऊ नको. ओठ अन् गाल दोन-तीन घंटे बधिर राह्यतीन. तिले मजा वाटंन, ते चावंन. चावू देऊ नको. तवरी खाऊही देऊ नको. नजर हटवायची नाही तिच्यावरून. समजलं?'

'हो, मला माहीत आहे,' मी शुद्ध मराठीत म्हणाले. मला काहीही माहीत नव्हतं.

दुपारच्या बसमध्ये माझी वर्गमैत्रीण मंगला भेटली. ती मोताळ्याला मावशीकडे चालली होती. राजूर घाट उतरताना तिने मला सांगितलं की आमच्या केमिस्ट्रीच्या सरांचं लग्न मोडलं. हे एवढं एक वाक्य. त्याच्यावर आम्ही मोताळ्यापर्यंत बोललो. मुलगी कशी होती, दोष कोणाचा, सर आता वर्गात कसे दिसतील. चिमी खिडकीशी बसली होती. तिने तोंडातला कापूस स्वतःच काढून बाहेर फेकला. मी ते पाहिलं आणि बोलत राहिले. मग ती खालचा ओठ दातांत घेऊन चघळायला लागली, रबर चघळावं तशी. मधेच बोटाने चाचपायची, हसायची, पुन्हा चावायची. तेही मी पाहिलं. पाहिलं नाही असं इतकी वर्षं स्वतःला सांगून झालं, पण आता या वयात कोणासाठी खोटं लिहायचं? एकदा मी तिला 'नको गं करू' म्हणाले, आणि मंगलाकडे वळून विचारलं, 'मग पत्रिका छापल्या होत्या का?'

घरी पोचेपर्यंत ओठ लोंबायला लागला होता. संध्याकाळी बधिरपणा उतरला आणि चिमीने जो टाहो फोडला तो जिनिंगच्या वर गेला. सकाळी ओठ दुप्पट झालेला, आतल्या बाजूने पिवळट पांढरा, पाहवत नव्हता. आत्याने लांबूनच निदान केलं. 'सुई पिकली! माय वं माय, पोरीचा ओठ सडला!' वानखडे काका आले. ते निवृत्त तलाठी, त्यांना दातांचं काय कळणार, पण त्यांनी चष्मा लावून ओठ पाहिला आणि 'चुकीचं इंजेक्शन' असा उतारा देऊन टाकला. बाबांनी कोट घातला. म्हणजे आता शुद्ध भाषा सुरू होणार.

'बुलढाण्यास जावे लागेल,' ते म्हणाले. 'अशा लोकांना जाब विचारलाच पाहिजे.'

आईने मला विचारलं, 'बाईनं काही सांगतलं होतं का वं?' मी पाण्याचा तांब्या घासत होते. घासतच राहिले. तिने पुन्हा विचारलं नाही.

बाबा, वानखडे काका, चिमी आणि साक्षीदार म्हणून मी, असे आम्ही चौघे गेलो. आज जिथेतिथे मोबाईल काढून दवाखान्यातला तमाशा टिपणारी माणसं पाहिली की मला वाटतं, आमच्या बाबांना फक्त ते यंत्र मिळालं नव्हतं, बाकी तयारी पूर्ण होती. बाकड्यावर पाच-सहा माणसं गाल धरून बसलेली. त्यांच्यासमोर, पडद्याच्या बाहेरच, बाबांनी सुरुवात केली.

'काकाजी, बसा,' डॉक्टरीणबाई बाहेर येऊन म्हणाल्या.

'मी येथे बसण्यासाठी आलेलो नाही. माझ्या मुलीच्या तोंडाचे तुम्ही काय केलेत, ते मला या लोकांसमक्ष सांगा. तुम्हाला धड बोलता येत नाही, तुम्ही इंजेक्शने काय देणार?'

बाकड्यावरचा एकजण उठून चालू लागला. बाईंनी चिमीला उजेडात धरलं, ओठ अलगद उलटा केला आणि बराच वेळ पाहिलं. 'हे पिकलं नाही. पू बी नाही हा, जखमेवरची साय हाय. बधिर होता तवा ओठ चावला इनं.' मग त्या माझ्याकडे पाहून म्हणाल्या, 'तुले म्या सांगतलं होतं न पोरी, चावू देऊ नको म्हणून?'

सगळे माझ्याकडे बघायला लागले. बाबा म्हणाले, 'सांग शोभे. काही सांगितले होते का यांनी?' विचारण्याची तऱ्हा अशी की उत्तर त्यांनी आधीच देऊन ठेवलेलं, मला फक्त ते उच्चारायचं होतं.

'नाही,' मी म्हणाले.

'मोठ्याने बोल. लोकांना ऐकू येऊ दे.'

'नाही. यांनी काही सांगितलं नव्हतं.'

वानखडे काकांनी मान डोलावली. बाईंनी मला एकदा वरपासून खालपर्यंत पाहिलं. आत गेल्या, एका कागदावर लिहून आणलं आणि तो कागद बाबांना नाही, माझ्या हातात दिला. 'कोमट पाण्यात मीठ, जेवल्यावर चूळ. ओठाले व्हॅसलीन. मऊ, थंड खाणं. तिखट, गरम, आंबट नाही. तुरटी-हयद काही लावायची नाही. आठ दिवसांनी दाखवा,' त्यांनी मोठ्याने वाचून दाखवलं, 'आता लिहून देल्लं हाय.' आणि पडदा सारून त्या आत गेल्या.

परतीच्या बसमध्ये बाबा खूश होते. त्यांनी चिमीला संत्र्याच्या गोळ्या घेऊन दिल्या. आंबट. मी त्या तिच्या हातातून काढून घेतल्या आणि तिचा लाथाबुक्क्यांचा मार खाल्ला. त्या आठवड्यातलं माझं पहिलं शहाणपणाचं काम ते.

पुढचे आठ दिवस मी चिमीची जी सेवा केली तिच्याबद्दल मला कोणी चांगलं म्हणू नये. मी घाबरले होते, एवढंच. सकाळी मऊ भात ताकात कालवून, निववून, चमच्याने ओठाच्या उजव्या बाजूने आत सोडायचा. दुपारी ज्वारीच्या कण्या पातळ शिजवून थंड दुधात. मिठाच्या पाण्याची चूळ भरायला ती तयार व्हायची नाही. मग मी पण भरायची, आणि मोरीत कोणाची धार लांब जाते याची शर्यत लावायची. तिला बोलता येत नव्हतं, प, ब, भ, म कोणतंच अक्षर ओठांवर ठरत नव्हतं, आणि ती मला 'शोहा' म्हणायची. मुख्य काम पहारा देण्याचं. आत्या हळद-तुरटीची वाटी घेऊन घरभर फिरत होती. एकदा मी पाणी भरायला गेले तेवढ्यात तिने चिमीला गुडघ्यांत दाबून बोट ओठापर्यंत नेलंच. मी बादली तिथेच टाकली आणि तिचं मनगट धरलं. 'त्या सटवीचं ऐकते अन् माहं नाही?' आत्या किंचाळली. 'हाव, तिचंच,' मी म्हणाले. त्या घरात आत्याला असं तोंडावर सांगणारी मी पहिली असेन.

ओट्यावर मात्र बाबांची कथा रंगात आली होती. रोज संध्याकाळी ती थोडी वाढायची. आधी डॉक्टरीण निरुत्तर झाली, मग तिने हात जोडले, चौथ्या दिवशी तर तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मी आत कण्या ढवळत ते ऐकायचे. लोक हसायचे, 'हेडसरांनी बरी जिरवली' म्हणायचे. जिनं लेकराची दहा दिवसांची ठणक दोन मिनिटांत थांबवली ती सटवी, आणि तोंडात मिसरी कोंबणारी आत्या घरची वैद्य. त्या ओट्यावर एकालाही हे विचित्र वाटलं नाही.

सहाव्या दिवशी मी भिंतीपलीकडे वानखडे काकांच्या सुनेला पाहिलं. वहिनी धुणं वाळत घालत होत्या आणि पदराने एक गाल दाबून धरला होता. गाल टमाट्यासारखा लाल. मी विचारलं तर म्हणाल्या, 'अक्कलदाढ वं. बुलढाण्याले जाणार होती, पण तुह्या बाबांनी सांगतलं न, त्या बाईची पायरी चढायची नाही. आता अकोल्याले नेतो म्हणतात, पण कवा नेतीन देव जाणे.' बोलताना त्यांच्या डोळ्यांतून आपोआप पाणी येत होतं, आणि त्या हसायचा प्रयत्न करत होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा खिडकीशी आरसा ठेवून दाढी करत होते तेव्हा मी त्यांना सांगितलं. सगळं. बस, मंगला, कापूस, ओठ, आणि डॉक्टरीणबाईंनी शब्दन् शब्द सांगितलं होतं हेही. वस्तरा हनुवटीवर थांबला.

'कोणाले सांगतलं?'

'कोणालेच नाही.'

'मंग सांगू नको.' वस्तरा पुन्हा चालू झाला. 'चूक होते लेकराईच्या हातून. पण म्या लोकांसमोर बोललो हाय. हेडमास्तरचा शब्द हाय थो. तोंड पूस अन् शाळेचा डबा भरून दे.'

मी रागावण्याची, मार बसण्याची तयारी करून गेले होते. माफ होण्याची नव्हती केली. त्या माफीनेच मला त्यांच्याबद्दल जे वाटायचं ते संपलं. बाबा जाऊन आज बरीच वर्षं झाली. त्यांच्या फोटोला मी हार घालते, पण त्या सकाळच्या आरशातला साबण लावलेला चेहरा फोटोतल्या चेहऱ्यावर येऊन बसतोच.

आठव्या दिवशी बाबा शाळेत गेल्यावर मी आईला म्हणाले, 'चिमीले दाखवून आणते. अन् बाईले खरं सांगून येते.' आईने पोळ्यांचा डबा बांधून दिला आणि म्हणाली, 'वानखड्याच्या सुनेले घेऊन जा संग.' तिला सगळं केव्हापासून कळलं होतं कोण जाणे. भिंतीशी जाऊन मी वहिनींना खरं सांगितलं. त्यांनी पदराआडून माझ्याकडे असं पाहिलं की मला वाटलं, आता ही बाई मला मारते. पण दुखणं रागापेक्षा मोठं होतं. त्या चपला घालून निघाल्या.

डॉक्टरीणबाईंनी चिमीचा ओठ पाहिला. सूज उतरली होती, आत गुलाबी कातडी धरली होती. 'चांगलं सांभाळलं,' त्या म्हणाल्या. कोणी सांभाळलं ते विचारलं नाही. मी बोलायला सुरुवात केली, रडायलाही लागले. त्यांनी हात धुतले, पुसले, तोपर्यंत मला रडू दिलं.

'मले माहीत होतं,' त्या म्हणाल्या. 'ओठावर दातांचे ठसे होते साफ. तुह्या तोंडावर बी दिसत होतं.'

'मग तुम्ही बोलल्या काऊन नाही?' हे मात्र माझ्या तोंडून शुद्ध निघालं नाही.

'बोलली न. एकदा विचारलं तुले. दुसऱ्यांदा विचारलं असतं तर तू दुसऱ्यांदा खोटं बोलली असती. अन् तुले त्याच बसनं बापासंग घरी जायचं होतं.'

मी माफी मागितली. त्या म्हणाल्या, 'माफी मले नको मागू. तुह्या बापानं मले बाहेरच्या लोकाईसमोर खोटं पाडलं. त्याईले सांग.'

'पण ते लोक तर आता नाहीत इथं.'

'जे हायत त्याईले सांग.'

मी पडद्याबाहेर आले. बाकड्यावर चारजण होते. एक म्हातारा, फडकं बांधलेला. एक बाई, मांडीवर लेकरू. दोन कॉलेजची पोरं, जी खासकरून नसायला हवी होती. मी उभी राहिले. म्हणाले, 'मागच्या आठवड्यात इथं माझे वडील या बाईंना रागावले. यांनी मला सगळं नीट सांगितलं होतं. मी ऐकलं नाही, आणि मग खोटं बोलले. बाईंची चूक नव्हती.' वक्तृत्व स्पर्धेत माझा दोनदा नंबर आला होता. त्या दिवशी ही चार वाक्यं संपता संपेनात.

मला वाटलं होतं, काहीतरी होईल. कोणी छी-थू करेल, निदान 'शाबास पोरी' तरी म्हणेल. म्हाताऱ्याने कानाला हात लावून शेजारणीला विचारलं, 'काय म्हणते वं ही? नंबर गेला का माहा?' बाई म्हणाली, 'नाही बुवा, काही तरी घरचं हाय तिच्या.' आणि मला म्हणाली, 'बाजूले सरक माय, लेकराले वारा लागू दे.' पोरांनी वर पाहिलंदेखील नाही. आठ दिवस मी जे पाप पोटात घेऊन फिरत होते त्याची किंमत त्या बाकड्यावर एवढी होती. मी बाजूला सरले. आतून बाईंनी वहिनींना हाक मारली, 'या, घाबरू नका,' आणि पडदा पडला.

वहिनींची अक्कलदाढ निघाली. परतताना बसमध्ये त्या माझ्या शेजारी होत्या, आणि घरी पोचल्यावरही, बधिरपणा उतरेपर्यंत, मी त्यांच्या ओठावरून नजर हटवली नाही. सूज उतरली तशी त्यांनीच सासऱ्यांना सगळं सांगून टाकलं, आणि वानखडे काका ओट्यावर येऊन बाबांच्या कानाशी लागले. बाबा मला एक शब्द बोलले नाहीत. कथा थांबली, तिच्या जागी दुसरी कोणतीही आली नाही, ओटा संध्याकाळचा रिकामा राहू लागला.

त्या रविवारी दुपारी सगळे जेवायला बसलो होतो. वांग्याची भाजी, भाकरी, मिरचीचा ठेचा. चिमी कितीतरी दिवसांनी ठेच्याला बोट लावून मिटक्या मारत चाटत होती. माझं ताट रिकामं झालं होतं. भाकरीचं टोपलं बाबांच्या पुढ्यात. त्यांनी माझ्याकडे न बघता आईला म्हटलं, 'तिले विचार, भाकर पाह्यजे का.'

आई चुलीशी होती. तिने वळून पाहिलं. त्या घरात लग्न होऊन आल्यापासून तिने त्यांना उलट उत्तर दिलेलं मी ऐकलं नव्हतं.

'तुमीच विचारा,' ती म्हणाली. 'समोर तं बसली हाय.'

आत्याचा घास हातातच राहिला. बाबा खाली मान घालून भाजी कालवत राहिले. त्यांनी विचारलं नाही. मी थोडा वेळ वाट पाहिली, मग हात लांबवला, त्यांच्या पुढ्यातलं टोपलं ओढलं आणि भाकरी घेतली.